सरकत्या वजनाखालचं कुंकू

१० सप्टें.
लिहायला बसले, कारण हे तोंडाने सांगवत नाही. अण्णाच्या काट्याच्या दांडीवरचं सरकतं वजन आज उलटं केलं. खालच्या पोकळीत वाळलेलं कुंकू, त्यात रुतलेली अक्षता. माझ्या हातचं.

काटा त्यानेच परवा आणून दिला. थोरला भाऊ, अंबरनाथला एकटा. नेमबाजीची काडतुसं घरी भरायचा, रीतसर परवान्यावर. बंदुकीची दारू ह्याच काट्यावर तोलायची. आता त्याची शिष्या वैदेही मागतेय, परवाना तिलाही मिळालाय. "कुमे, शाळेच्या लॅबमध्ये जन्म काढलास ना, नीट करून दे. पोरगी ह्याच्यावर भरवसा ठेवणार."

११ सप्टें.
बारा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. अण्णा म्हणाला होता, "बंदुकीला हार घाल. काट्याला लांबूनच फूल वाहा." मला कोण शिकवणार! चिंचेने घासला, ओलं कुंकू, अक्षता. दुसऱ्या दिवशी वरवर पुसून ठेवला.
त्याच रविवारी अण्णाच्या बंदुकीची नळी फुटली. त्याचा उजवा डोळा गेला.
इस्पितळात सगळ्यांदेखत मीच बोलले, "घाई नडली. नीट मोजायला काय झालं होतं?" तो म्हणाला, "असेल." पुन्हा बंदूक धरली नाही. मी मात्र दर भाऊबीजेला तेच ऐकवत आले.

१४ सप्टें.
कुंकू अजून काढलेलं नाही. आधी चूक मोजायची, मग पुसायची. पोरांना हेच शिकवलं. काटा घेऊन उल्हासनगर, कॅम्प १. लछमनभाईंच्या वजनकाट्यांच्या दुकानातली खात्रीची वजनं. "मॅडम, इतने फरक पे तो सोनार भी झगडा नहीं करता!"
पायाचा स्क्रू फिरवून जुळवला की शून्यावर बिनचूक. म्हणूनच अण्णाला कळलं नसणार. कुंकवाने जड झालेलं वजन पुढे सरकवलं की खोटा: खरं वजन कमी दाखवतो. म्हणजे मापाने भरलं तर दारू जास्त. जितकं पुढे, तितकी जास्त.

१७ सप्टें.
सुईने कोरून काढलं. पुडीत ठेवलंय. दांडीच्या धारेवरचा गंज रॉकेल आणि मऊ ब्रशने. चिंच नाही. पुन्हा कॅम्प १. सगळ्या खाचांवर तपासला. बरोबर.
पण एवढ्याशा जास्तीने नळी फुटते? बंदूक जुनी होती. अण्णाच सांगू शकेल. म्हणजे विचारायला हवं. आणि विचारायचं म्हणजे...

२१ सप्टें.
अण्णाचा फोन. "झाला का गं? का पूजेला बसवलास?" स्वतःच हसला.
"होतोय," म्हटलं. ठेवला फोन. चार दिवस झाले होऊन. भित्री.

खंडेनवमी.
वैदेही पाचला येणार होती, मी चारलाच अण्णाकडे पोचले. अण्णाने वजन हातात घेतलं, पहिल्यांदा उलटंच केलं. अंगठा आत फिरवला.
"आतूनही साफ केलंस?"
"हो."
"काय होतं?"
काय सांगायचं ते घरून पाठ करून गेले होते. नुसती पुडी पुढे केली. तेवढ्यात वैदेही दारात, "सर, आज पूजा करायची ना काट्याची?"
"लांबून," अण्णा म्हणाला.

वैदेहीला दिलं: काटा, पारडं, सरकतं वजन, तपासणीचा कागद माझ्या सहीचा.
अण्णाला दिलं: पुडी एक. वर माझ्या अक्षरात, 'तुझा डोळा जायच्या आधीची खंडेनवमी. मी.' चष्मा लावून त्याने वाचलं. न उघडता खिशात ठेवली. मला म्हणाला, "चहा टाक."