दाखवायला नेलेली नळी

४ मार्च, मंगळवार
बॅच वाया! तीन आठवडे जिवाणूंच्या मिनतवाऱ्या करून त्यांच्याकडून माणसाचं प्रथिन बनवून घेतलं, शुद्ध केलं — आणि आज चाचणीत आलेख आडवा. दिसायला अगदी सुबक, काम शून्य. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. या प्रथिनाला, हेलिकेजला, आयुष्यात काम एकच, आरएनएच्या गाठी सोडवायचं. तेही जमेना. लॅबच्या बाई म्हणाल्या, "फेकून द्या सगळं."

बबडीच्या अंगात हेच प्रथिन बिघडलेलं आहे. दादाची मुलगी, चार वर्षांची, अजून एक शब्द नाही. तिचा रिपोर्ट आला तेव्हा घरात ते नाव फक्त मलाच वाचता आलं. रोज त्याच्याच नळ्यांना लेबलं चिकटवते मी: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.

६ मार्च
दादाचं परत तेच. तो फ्रीज दुरुस्त करतो, त्यामुळे त्याचा हिशोब सोपा. "पार्ट गेलाय ना? तुझ्याकडे नवा आहे ना? मग अडलंय कुठे?" समजावून समजावून दाताच्या कण्या झाल्या. प्यायलं तर पोटात पचून जाईल, टोचलं तर पेशीत शिरणार नाही. आणि मेंदू घडायचा तो बराचसा ती जन्मायच्या आधीच घडून गेला. हे शेवटचं बोलले नाही. धीरच होत नाही.

"निदान दिसतं कसं ते तरी दाखव," म्हणाला.

७ मार्च
फेकायच्या बॅचमधली एक नळी नेली. दादाने उजेडात धरून पाहिली. "एवढंसंच? पाणीच की हे." वहिनीने हात लावला नाही. मग बबडीने भात सांडला, आवराआवर झाली आणि नळी तिथेच राहिली.

१० मार्च
नवी बॅच लावली. नळीचं विचारायचं राहिलंच.

१२ मार्च, बुधवार
नळी आणायला गेले. वहिनी बबडीला वाटीतून काहीतरी पाजत होती आणि खोलीत तो वास — सडक्या अंड्यांचा. प्रथिन टिकावं म्हणून आम्ही जे द्रव्य घालतो त्याचा. "कधीपासून?" दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "शनिवारपासून. रोज थेंबभर, पाण्यातून."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. थेंबाने काही होत नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी तिचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. तिला वाटलं मी गुदगुल्या करतेय. वाटी ओतून दिली, नळी पर्समध्ये टाकली. भांडणार होते. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "ताई, काल हिने मला 'आ' म्हणून हाक मारली."

१३ मार्च
ती बॅच मेलेली होती. हे वाक्य जुळवून फोन केला. पलीकडे वहिनी एकाच वेळी हसत आणि रडत होती. "जपा तिला," एवढंच म्हणाले. मूल कधी कधी आपलं आपण आवाज काढतं, त्यात औषधाचा काय संबंध? पण हे कुणाला सांगू? मला फार एकटं वाटतंय.

१४ मार्च
नवी बॅच चालली. आलेख सरसर वर. बाई खूश. मी बेसिनवर जाऊन तोंड धुऊन आले.

१६ मार्च, रविवार
आज दिवसभर त्यांच्याकडे होते. एकदाही 'आ' नाही. वहिनी तिच्या तोंडाकडे बघत बसलेली. जेवलीसुद्धा नाही.

निघताना दादा जिन्यापर्यंत आला. लहानपणापासून माझ्या वेण्या ओढणारा माणूस, आणि आज हात जोडून उभा! "अजून एक आण. चार दिवस थांबलं म्हणूनच गेलं ते." खरं सांगितलं तर तो कोसळेल. नाही म्हटलं तर जन्मभर म्हणेल, होतं आणि दिलं नाही.

ठरवलं. नळीत मीठपाणी भरून न्यायचं. कुणाचं काही बिघडत नाही.

१९ मार्च, बुधवार
नेली. मीठपाणी नाही, नव्या बॅचमधलं नेलं, ते वासाचं द्रव्य काढून टाकून. ते काढायला दोन दिवस लागतात. म्हणजे सोमवारी सकाळीच मी कामाला लागले होते.

बबडीला मीच पाजलं. मग तिच्या तोंडाकडे बघत बसले.