'घर' नावाचा फोल्डर

१० नोव्हेंबर, रविवार

झालं एकदाचं! खालचा जुना कॉम्प्युटर आणि वरच्या खोलीतला आमच्या सूनबाईंचा, कल्याणीचा, लॅपटॉप जोडले गेले. चार दिवस गेले त्यात. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात राहून निपाणीभर लोकांची कनेक्शनं जोडली, आणि घरातल्या घरात दोन मशिनी जोडताना घाम फुटला! शेवटी कॉम्प्युटरवाल्या महादेवला फोन लावला. तो हसायलाच लागला — "काका, वरचा लॅपटॉप मोबाईलच्या नेटवर चाललाय बघा. घरातल्या वायफायला लावा की आधी!"

एक फोल्डर केला, दोन्हीकडं उघडणारा. नाव ठेवलं 'घर'. सौरवचे सगळे फोटो त्यात टाकले. आमचा एकुलता एक. अपघातात गेला त्याला तीन वर्षं झाली. फोटो माझ्याच मशिनीत अडकून होते, आणि कल्याणी बघायला मागणार कशी? आता तिला वाटेल तेव्हा वरच्या वर बघेल.

११ नोव्हेंबर

प्रत्येकाचं वेगळं खातं काढलं. मी ॲडमिनिस्ट्रेटर! आमच्या सौ. पूर्णिमाबाईंनाही एक दिलं. "मला कशाला? आनि एक पासवर्ड ध्यानात ठेवायला?" असं म्हणाली, पण पडद्यावर स्वतःचं नाव बघून खूश झाली.

सौरवचं खातं अजून आहे. काढून टाकायला गेलो तर मशीन विचारतं, फायली ठेवायच्या की पुसायच्या? 'रद्द' दाबलं आणि उठलो.

१३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. अक्षता वाटल्या तेव्हा कल्याणी मागं, दाराशी जाऊन उभी राहिली. एकतीस वर्षांची पोर! पूर्णिमानं तिला हाताला धरून पुढं आणलं. "हितं उभी ऱ्हा गं. घरची लेक हाईस तू."

ती वर गेल्यावर पूर्णिमा हळूच म्हणाली, "हिचं लगीन करूया का हो?"

माझ्या मनात दोन वर्षं हेच होतं. बायकोपुढं बोलायची छाती होत नव्हती.

१५ नोव्हेंबर

कल्याणीचा बायोडाटा टाइप केला. तिला वडील नाहीत, नंदगडला आई आहे — अंबुबाई. आधी त्यांना फोन केला. बिचाऱ्या रडल्या. "तुमी म्हंशिला तसं," एवढंच म्हणाल्या. कल्याणीला इतक्यात सांगायचं नाही असं ठरलं. चांगलं स्थळ मिळालं की पूर्णिमा विषय काढेल.

नोकरी : बेळगावच्या फौंड्रीत ड्रॉइंग विभाग (बरंचसं काम घरूनच). भाषा : मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी. 'पालक' इथं माझं नाव घातलं. 'स्वभाव' या रकान्यापाशी अर्धा तास अडलो. लिहावं तेवढं थोडं! शेवटी 'मायाळू' लिहिलं आणि सेव्ह केलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

गाढव आहे मी. गाढव!

फाईल माझ्या खात्यात नाहीच. मशीननं आपलं शेवटचा उघडलेला फोल्डर धरला आणि मी न बघता सेव्ह दाबलं. गेली 'घर'मध्ये! सौरवच्या फोटोंना लागून दोन दिवस पडली होती. पूर्णिमानं कपाळावर हात मारला — "व्हा आनि ॲडमिनिस्ट्रेटर! पोरीला न सांगता सांगितलासा की!"

काढून टाकली. पण तिनं बघितली असली तर? कुणी उघडली ते मला काही कळत नाही.

१८ नोव्हेंबर

बघितली आहे. सकाळी चहाला आली, मान वर केली नाही. जेवणाचं ताट वर घेऊन गेली. "काम हाय," म्हणाली.

२० नोव्हेंबर

आज धीर करून तिला जिन्यात गाठलं. "कल्याणी, ती फाईल..." एवढंच बोललो.

"आप्पा, मी जड झाले व्हय तुमाला?"

तिथंच पायरीवर बसलो. म्हटलं, "न्हाय गं बाळ. तू गेलीस तर घर खायला उठंल आमाला. पर आमी किती वर्सं पुरणार तुला?"

ती रडली. मीही रडलो. सौरव गेला तेव्हा मला रडता आलं नव्हतं, ते सगळं आज आलं. मग डोळे पुसून म्हणाली, "चार दिवस द्या मला," आणि वर गेली. कशाला चार दिवस, ते विचारायचं राहूनच गेलं.

२१ नोव्हेंबर

माहेरी निघून जाते की काय! जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही दोघंही बघतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

'घर'मध्ये एक नवी फाईल. मी टाकलेली नाही. उघडली तर बायोडाटा — मुलाचा! उपेंद्र, वय चौतीस, मु. पो. खानापूर. नोकरी कल्याणीच्याच फौंड्रीत.

पूर्णिमाला हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटी लिहिलं होतं :

अपेक्षा — कल्याणीच्या सासू-सासऱ्यांचा होकार. त्यांना एकटं टाकून येणार नाही म्हणते. वर्ष झालं, थांबलो आहे.