ताई दार वाजवते तेव्हा

३ मार्च, सोमवार
आले एकदाची, पेटी आणि ही वही घेऊन. वही अशासाठी की दिवसभराचं सांगायला आता माझं कोणी उरलं नाही, आणि माझं तोंड काही गप्प बसत नाही. जागा झकास आहे. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, त्याला लागून सामानाची खोली, आणि मला चक्क स्वतंत्र पलंग. जिची काळजी घ्यायची तिला सगळे छकुली म्हणतात. छकुली चाळिशीची आहे, कानामागचे केस पिकलेत. स्वमग्न आहे, बोलत नाही. आई गेल्यापासून संस्थेची बाई सोबतीला राहते. भाऊ परगावी असतो. मी तिला ताई म्हणायचं ठरवलं. माझ्याहून मोठी आहे, तिचं बाळ कशाला करायचं? ताई म्हटल्यावर तिने माझ्या ॲप्रनची नाडी दोन बोटांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

४ मार्च
संस्थेच्या सुपरवायझर बाई नोंदींचा तक्ता देऊन गेल्या. पंधरा दिवसांच्या खुणा आधीच छापलेल्या: जेवली, औषध घेतलं, शांत. मी फक्त सही ठोकायची. परवा ती शांत असणार हे तुम्हाला आजच कसं कळलं, असं मी हसत विचारलं. त्या हसल्या नाहीत. ‘सवयी’ या रकान्यात लिहिलंय: रोज दुपारी चारला सामानाच्या खोलीचं दार वाजवते. लक्ष देऊ नये, लक्ष दिलं की वाढतं. माझ्याआधीची बाई न सांगता निघून गेली, असंही त्या जाता जाता म्हणाल्या. काम टाकून जाणाऱ्यांची त्यांना भारी चीड आहे.

७ मार्च
ताईचं तंत्र मला जमू लागलंय. ताटात एक पदार्थ दुसऱ्याला टेकलेला चालत नाही. मिक्सर लावण्याआधी तिला तो दाखवायचा, म्हणजे ती कान झाकून तयार राहते. आज ती मला बघून हसली, निदान मला तसं वाटलं. चारला मात्र रोज तेच. तीन ठोके, मग दाराला कान, मग पुन्हा तीन. मी नियमाप्रमाणे पाठ फिरवून भांडी घासते. पाठ फिरवताना वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

११ मार्च
आज नळाला पाणी नव्हतं, भांडी तशीच पडली होती. म्हणून ऐकू आलं. ठोके आधी आतून येतात. ताई उत्तर देते.
सकाळी साबण काढायला मीच आत जाते. फळ्या आणि बादल्या, दुसरं काही नाही.

१२ मार्च
तक्त्यावरचं ‘शांत’ खोडून खरं काय ते लिहिलं. तक्त्याचा फोटो पाठवताच सुपरवायझर बाईंचा फोन आला. भिंतीतला पाइप वाजत असेल म्हणाल्या. ताई काहीतरी सांगते आहे, असं मी म्हटलं.
“तिला बोलता येत नाही. तुम्ही तिच्या तोंडी शब्द घालू नका.”
चारला तिला बाहेर फिरायला न्यायचं, आपोआप सवय मोडेल, असं बजावलं. संध्याकाळी नवा तक्ता आला. मी सही केली. लाज वाटते, पण ही नोकरी गेली तर मला जायला घर नाही.

१४ मार्च
काल आणि आज चारला ताईला बागेत नेलं. दोन्ही दिवस ती फाटकाशीच बसून राहिली, घराकडे तोंड करून.

१५ मार्च
आज पाऊस, बाहेर जाता आलं नाही. ताईने दार वाजवलं. आतून काही नाही. पुन्हा वाजवलं. घसा बसेपर्यंत रडली. मला बघवेना. आत कोणी नाही हे तिला दाखवावं म्हणून मी दार उघडून आत गेले. ती माझी नाडी धरून मागे ओढत होती, अगदी जिवाच्या आकांताने. मला वाटलं, नेहमीची सवय. हळूच बोटं सोडवली.
दार लागलं. कडी नाही, कुलूप नाही. उघडत नाही.
कोपऱ्यात एक ॲप्रन पडला आहे. माझ्यासारखाच. सकाळी नव्हता.

१६ मार्च
वही-पेन खिशात होतं म्हणून बरं. दाराखालून थोडा उजेड येतो. भूक लागत नाही, याचीच भीती वाटते.
माझे हात पुसट दिसतात. ताईने तीन ठोके दिले की पुन्हा नीट दिसतात. म्हणजे ती रोज त्या आधीच्या बाईला — आणि मी तिला दोन दिवस बागेत —
मीच केलं हे.

१७ मार्च
सुपरवायझर बाई आल्या. हीही न सांगता गेली, असं फोनवर भावाला सांगत होत्या. ताईने त्यांचा हात धरून दारापर्यंत ओढत आणलं. आणलं! त्यांनी दार उघडलं. माझ्यावर उजेड पडला. मी त्यांची बाही धरली, ओरडले. त्या माझ्या खांद्यावरून हात घालून साबण घेऊन गेल्या.
पाय उंबऱ्यापलीकडे पडत नाही.

१८ — बहुतेक
नवी बाई आली. ताई फार बेचैन आहे म्हणून औषध वाढवलंय. बाहेर दोघी बोलत होत्या.
चारला दोनच ठोके. हळू.

पुढचा दिवस. चार वाजून गेले. मी तीन दिले. उत्तर नाही. बाहेर नळ चालू आहे — ताई झोपली आहे, उठवा तिला कोणीतरी, ती शांत नाही, ती —
पुन्हा तीन. पेन धरलंय ते बोट दिसत —
ताई, एकदाच, मी इथं