खिडकीवर टांगलेलं कापड

नुकुआलोफा, गुरुवार, १४ ऑगस्ट १९९७

प्रिय सेइनी,

तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि माझ्याकडून एक ओळ नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खोटं. वेळ होता, धीर नव्हता. मावशी कशा आहेत? बोटीवरून आलेली माणसं म्हणतात, त्या आता उठून बसतात आणि तुझ्यावर ओरडतात. म्हणजे बऱ्या आहेत.

डिझाइनच्या वर्गात, कस्टमच्या कचेरीतून थेट आलेल्या तेवितानं तुझ्या चटईवर आपली पिशवी ठेवली, तर कालोनं ती उचलून दाराबाहेर टाकली. म्हणाली, "सेइनीबाई यायच्या आहेत अजून. कस्टमच्या साहेबांनी आपलं गाठोडं आपल्या मांडीवर घ्यावं!" तुमच्या तिकडच्या पंगाईच्या शाळेनं चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा तुझ्यासाठी अडवून ठेवलीय, हेही तिच्याकडूनच कळलं. पास झालीस तरच ती तुझी. उद्या निकालाची यादी लागेल.

आपण चौघांनी झाडाची साल ठोकून केलेलं कापड सोमवारी टांगलं. भिंतीला खिळे नव्हते, म्हणून हॅलोरनसरांनी पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांवर सोडलं. तीनच्या सुमाराला ऊन मागून आलं आणि आपली नक्षी, तेविताचे मासे, माझी पानं, सगळं फिकं पडलं. दिसायला लागली ती ठिगळं. तळहाताएवढी, नखाएवढी, एकावर एक. कालो ओरडली, "अगं बाई, हे कापड आहे की माझ्या नवऱ्याची विजार!" मग ती मोजायला लागली. एकशेवीसच्या पुढे गेल्यावर तिनं मोजणं सोडलं आणि हळूच म्हणाली, "आपण चहाला जायचो, तेव्हा सेइनी मागे का राहायची, ते आता कळलं."

बाजारात कापडासाठीची ती साल तू चिमटीत धरून म्हणाली होतीस, "लेसिएली, पातळ आहे गं." मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "रंग बघ आधी, किती पांढरी!" गटाची प्रमुख मी, म्हणून तीच घेतली. रंग घासताना ती जागोजागी फाटत गेली असणार. अर्धवट शिजवलेल्या टॅपिओकाची खळ घेऊन तू एकेक भोक बुजवत राहिलीस, आणि एकदाही म्हणाली नाहीस की मी सांगितलं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. सरांनी मला एक कागद दिला होता : कुणी किती काम केलं, शंभरातून. गावात सगळ्या मिळून कापड करणाऱ्या माझ्या आत्यांना असा कागद दाखवला असता, तर त्यांनी त्याचंच ठिगळ लावलं असतं. मी मात्र गटाच्या कामाची डायरी उघडून बसले. तेविता पस्तीस, कालो पंचवीस, मी पस्तीस. तुझ्या नावापुढे रोज एकच शब्द होता, "खळ". मी पाच लिहिले. पंधराच्या खाली ते पास करत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. नाही, ठाऊक होतं. कागदाच्या तळाशी छापलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. बाजारात तुझं बरोबर होतं, याचा राग होता का? सोमवारपासून स्वतःला विचारते आहे. होता, थोडा. सरांच्या दारापर्यंत तीनदा गेले. दोनदा आत माणसं होती. तिसऱ्यांदा ते एकटेच होते, तरी मी परत आले. म्हणून हे पत्र आत्ताच, संध्याकाळच्या बोटीवर देते आहे. ते तुझ्याकडे निघालं की मला मागे फिरता येणार नाही. माफी आज मागत नाही, ती कागद बदलल्यावर मागेन.

तुझीच,
लेसिएली

डायरीत उद्याच्या पानावर लिहून ठेवलंय : सकाळी सात वाजता, यादी लागायच्या आत, हॅलोरनसरांना गाठणे.