खोडलेली चिंच

सौंसर, मंगळवार संध्याकाळ

सुटलो एकदाचा! आठवडाभर डोकं खाल्लं त्या चिंचेनं.

वहिनी मी बनवलेल्या चित्रांच्या अ‍ॅपवर संत्र्याच्या बगीच्याचा नकाशा काढून राहिली होती, माल न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यासाठी. वळणावरची चिंच मागच्या साली तोडली, म्हणून तिनं ती खोडली. मग रस्ता सरकवला की अ‍ॅप बंद! रस्ता चिंचेला जोडलेला अन् अ‍ॅप खोडलेली चिंचच शोधत होतं. इतकं साधं मला कसं दिसलं नाही? आता काही खोडलं की त्याची जोडणी आधी सुटते. वहिनीनं रस्ता हलवून हलवून पाहिला. "आता नाही बंद पडून राहिलं," म्हणाली.

तेवढ्यात पांढुर्ण्याच्या गाडीवाल्याचा फोन. वहिनी म्हणते, "चिंचेपासून डावीकडे वळा जी, भाऊ."

कोणती चिंच?

गाडी बरोब्बर पोचली.