तिसऱ्या ट्रॅकवरचा उखाणा

१२ जानेवारी १९९८, नवीन पनवेल

साठाव्या वर्षी नोकरी लागली. गंमतच आहे. गुरुदत्तचं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर. लग्नाच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन तो चित्रं जोडतो, आवाज मी बसवायचे. शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलं, त्याचा हा उपयोग. आधीची मुलगी, अनुया, घशाच्या दुखण्यामुळे सोडून गेली. पौषात लग्नं नसतात, म्हणून मागची साठलेली कामं उरकायची.

पडद्यावर एकाखाली एक तीन ट्रॅक. पहिल्यावर गाणी, दुसऱ्यावर सनई, तिसऱ्यावर मांडवातला खरा आवाज. प्रत्येकाला एक स्लायडर. शेजारी हिरवी पट्टी नाचते, लाल झाली की आवाज फाटतो. गुरुदत्त म्हणाला, "काकू, एकाला वर घेतलं की दुसऱ्याला खाली बसवायचं. सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही, शाळेतल्यासारखं." तिसरा ट्रॅक बंद ठेवायचा. लोकांना गाणी हवीत. फार तर उखाण्यापुरता उघडायचा.

उखाणा म्हटल्यावर हसू आलं. आमचं रजिस्टर लग्न. नणंदांनी दार अडवलं तेव्हा कॉन्व्हेंटात वाढलेल्या मला एक ओळ सुचली नाही. हे म्हणाले, राहू दे, सवडीने घेशील. कमलाकर. हे नाव वहीत बेधडक लिहिते, तोंडाने एकदाही घेतलं नाही. हे जाऊन चार वर्षं झाली. ती सवड राहूनच गेली.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारच्या नीताने तिळगूळ दिला. गोड बोला, म्हणाली.

दुपारी उरणकडच्या हौसाबाई आल्या. मासळी विकतात. पदराखालून कॅसेट काढली. लेकीचं, मैनाचं लग्न, दोन वर्षांपूर्वीचं. पहिल्या बाळंतपणात मैना गेली. कॅसेटमध्ये नेमकं तिच्या उखाण्यावर गाणं चढवलेलं. हौसाबाई म्हणाल्या, "पोर दिसते, तोंड हालवते, पन आवाज नाय. माजी मैना मुकी नवती, बाय. म्हावरं इकायला बसली का सगला धक्का हालवायची."

गुरुदत्तने मान खाली घालून सांगितलं की मूळ कॅसेट उरली नाही, तिच्यावर दुसरं लग्न शूट केलं. हौसाबाई उठल्या नाहीत. मी म्हटलं, शोधते. महिनाअखेरीला या.

१७ जानेवारी

ज्या लग्नाखाली मैना पुसली गेली, ते लग्न आज काढलं. तिसरा ट्रॅक बंद होता आणि त्याची हिरवी पट्टी हलत होती. कॉम्प्युटर बिघडला असेल म्हणून हेडफोन लावले. भर दुपार, खाली रिक्षावाल्यांचं भांडण. त्या सगळ्याच्या तळाशी एक मुलीचा आवाज, उशीत तोंड खुपसून बोलावं तसा.

भरती आली खाडीला, होरी लागली धक्क्याला...

पुढचं कळेना. स्लायडर थोडा वर केला, तर "रडू नको गो आये" इतकं स्पष्ट आलं. अंगावर काटा आला खरा, पण आनंदही झाला.

१९ जानेवारी

भाजीवाल्या भामाने तीनदा विचारलं, "काय म्हनलात?" मी मेथी म्हणत होते. घसा बसला असेल. पण दुखत नाही.

आज मैना आणखी वर आली. आता "नाव घेते" इथपर्यंत ऐकू येतं. मग थांबते. नवऱ्याचं नाव तेवढं येत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

२२ जानेवारी

नीताच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं. विधवेला बोलावते म्हणून तिची सासू कुरकुरली, नीताने ऐकलं नाही. बायका म्हणाल्या, गाणं म्हणा. म्हटलं. दोन कडवी झाल्यावर नीताने हळूच विचारलं, काकू, सुरू करताय ना?

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. ओठ हलत होते.

२४ जानेवारी

गुरुदत्तला हेडफोन दिले. त्याने लगेच काढले. म्हणाला, असा एक आवाज प्रत्येक लग्नात असतो, म्हणूनच तो ट्रॅक बंद ठेवतो. अनुयाने वर घेतला होता. आता ती घरी पाटीवर लिहून बोलते. म्हणाला, पुसून टाका.

मी वहीत लिहून दाखवलं — नाही. एकदा पुसलीस ना तिला. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, वर्गात कोणाचा आवाज दाबायचा नाही. आपला कमी करून त्याचा ऐकायचा. बास, तेच करतेय.

तो म्हणाला, काकू, मला तुमची भीती वाटते.

वाटू दे.

२७ जानेवारी

सगळं बोलणं आता वहीतच. स्लायडर वरच्या टोकापासून बोटभर खाली आहे. तेवढाच बोटभर आवाज माझा. जीव खाऊन ओरडले तरी मलाच जेमतेम ऐकू येतं.

काल मैना उखाण्याच्या मध्येच खोकली. मी खोकते तशी.

२९ जानेवारी

पौष संपला. हेडफोन न लावताही मैना ऐकू येते —

ती नाव घेत नाही, वाट बघते. बोटभर आवाजाची. मला कळतंय गो. पण त्या बोटभरात माझंही एक काम आहे.

गुरुदत्त दोन दिवस आला नाही. किल्ली माझ्याकडे.

३१ जानेवारी, दुपार

हौसाबाई आल्यात. वही टेबलावर उघडी ठेवून लिहितेय. कॉम्प्युटर लावला. त्यांनी स्पीकरला कान लावला — रडल्या, हसल्या. "हीच, हीच माजी." मग विचारलं, नवऱ्याचं नाव कुठंय?

देते. सगळं देते. पण आधी माझं. मैना, रांगेत उभी राहा. चाळीस वर्षं थांबलेय मी, तू दोनच. उरलाय तो माझा आवाज, त्याचं काय करायचं ते मी ठरवेन. एकदा, मोठ्याने, हौसाबाईंच्या देखत. मग स्लायडर तूच सरकव.

उभी राहिले. श्वास पोटातून.

तिळात मिसळला गूळ, आवाजात आवाज,
सोडून सारी लाज नाव घेते —

हौसाबाईंनी वळून पाहिलं. माझ्याकडे. ऐकू आलं त्यांना. ऐकू येतंय —

स्लायडर — मी हात लावलेला नाही — वर —

थांब गो मैना, अजून माझं — कम