लिंबाला फुटलं ते

५ मार्च, भस्म बुधवार

कपाळावर राख घेऊन शाळेत गेले. सातवीतल्या पोरींनी विचारलं, बाई, अंगारा कुठल्या देवीचा? समजावत बसायचा कंटाळा आला. आहे एका देवाचा, म्हटलं!

सकाळी देवळात आमेन म्हणायची वेळ आली तेव्हा रुमाल काढून नाक पुसलं. ही माझी नवी युक्ती. कुणाच्या लक्षात येत नाही.

आईला लकवा मारला तो दिवाळीच्या सुट्टीत. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. कळतं सगळं, बोलता येत नाही. तेव्हापासून मी एकच मागणं मागितलं — हातपाय राहू दे, तिचा आवाज तेवढा परत दे. सगळी मंडळी गात असली तरी आईचा आवाज फाटकापर्यंत वेगळा ओळखू यायचा. नाताळ गेला. नवीन वर्ष गेलं. आता मी मागतच नाही. आणि मागणंच नाही तर आमेन कशाला?

९ मार्च

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दारात गाठलं. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात वाचायला कविता हवी म्हणे. तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हीच लिहा. वसंत ऋतू, हिरवळ, कोकिळा, झुळझुळ झरे, आणि त्यातून नवजीवन. साहेब नाशिककडचे, गेल्या जूनमध्ये बदलून आलेत. जालन्याचा एप्रिल त्यांनी अजून पाहिलेला नाही!

हो म्हणून बसले. का म्हटलं कुणास ठाऊक.

१२ मार्च

‘वसुंधरा नटली’ असं लिहिलं आणि फाडलं. नटली म्हणे! मस्तगडला भाजी आणायला गेले होते, येईपर्यंत भुवयांवर धूळ. हिरवं काय ते पिशवीतली मेथी.

लहानपणी एकदा ईस्टरसाठी लिलीच्या फुलांवर कविता केली होती. आई तेव्हा दवाखान्यात नर्स. ड्युटीवरून आली, उभ्या उभ्या कागद वाचला आणि खाटेच्या दांडीवर दोन बोटं आपटली. टक टक. ही तिची खूण — चुकलं, पुन्हा कर. म्हणाली, “लिली कुठं पाह्यली गं तू? जे पाह्यलं न्हाई ते लिहू नको. प्रार्थनेत तर बिलकुल नको.”

म्हणजे हा रुमालही तिचाच धडा आहे. तिला सांगायची मात्र हिंमत नाही.

१६ मार्च

दारच्या कडुलिंबाची पानं झाडून कंबर मोडली. अंगणात ढीग, कागदावर काही नाही.

२१ मार्च

मी शाळेत असते तेव्हा शेजारच्या तुळजाबाई आईपाशी बसतात. मूळच्या तीर्थपुरीच्या. गळ्यात माळ, तोंडात सदा एखादा अभंग. पैसे देऊ केले तर महिनाभर बोलल्या नव्हत्या.

आज घरी आले तर माठ फुटलेला. ओसरीभर पाणी. तुळजाबाईंच्या हातून निसटला. मी उन्हातून आलेली, घसा कोरडा, आणि मागचं सगळं त्या माठावर काढलं. नको ते बोलले. आई खाटेवरून बघत होती.

तुळजाबाईंनी खापऱ्या वेचल्या. मग म्हणाल्या, “फुटला तं फुटला. लिंबालाबी फुटून राह्यलंय, ते न्हाई दिसलं तुला?”

वर पाहिलं. फांद्यांच्या टोकांना तांबूस, ओली दिसणारी पालवी. परवापर्यंत नव्हती. की होती, आणि मी नुसती खालीच बघत झाडत होते?

“हिची वाचाबी फुटल,” त्या म्हणाल्या. “तू लई जल्दी करती.”

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. इतकी वर्षं मराठी शिकवते आणि हे कधी दिसलं नाही! माठ फुटतो. ऊर फुटतो. पालवी फुटते, वाचा फुटते, तांबडं फुटतं. मोडायला आणि उगवायला आपल्याकडे एकच शब्द. आधी आनंद झाला, मग भीती वाटली. कारण माठ काही पुन्हा सांधत नाही. आईचं जे फुटलंय ते माठासारखं की लिंबासारखं? हे मला कोण सांगणार?

३० मार्च, पाडवा

तुळजाबाईंनी लिंबाचा मोहर, गूळ, ओवा वाटून आणलं. आईच्या जिभेला लावलं. वाकडं झालेलं तोंड तिने आणखी वाकडं केलं! आम्ही दोघी हसलो. आईही हसली, अर्धी.

६ एप्रिल

झाली एकदाची.

माठ फुटतो, पाणी जातं.
ऊर फुटतो, रडू येतं.
वाळल्या लिंबाला काही फुटतं —
कुणी फुटवलं, माहीत नाही.
कबरीपाशी उभे आपण.
पहाट फुटते.

चांगली आहे का, ठाऊक नाही. खोटी नाही. आईला वाचून दाखवली. तिने डोळे मिटून ऐकली. बोटं आपटली नाहीत. मी पुन्हा वाचली, तरी नाही. आज रात्री नीट जेवले.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

ईस्टरच्या उपासनेचा कागद छापून आला. माझ्या नावाखाली ही कुणाची कविता? माठ गेला. ऊर गेला. ‘लिंब वाळलेला उमलून येतो, प्रभूची कृपा.’ आणि शेवटी — ‘पहाट उमलते’!

साहेबांना गाठलं. ते बिचारे गोडच बोलले. सणाचा दिवस, त्यात कबरस्तान, तिथे सारखं फुटतं फुटतं बरं दिसत नाही. लोकांची माणसं तिथे पुरलेली आहेत. उमलणं कसं मऊ वाटतं. आणि ते ‘माहीत नाही’ — “बाई, लोक आपल्याकडे माहीत करून घ्यायला येतात.”

मला म्हणायचं होतं, लिंब उमलत नाही हो, या एकदा माझ्या अंगणात. म्हणायचं होतं, माझीही माणसं तिथेच आहेत, बाबा आहेत. मराठीच्या बाईंना वाचाच फुटली नाही. झावळी घेऊन घरी आले.

आईला छापलेलं वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला डावी दोन बोटं खाटेवर. टक टक. मला काय सांगतेस, म्हटलं, तूच सांग की जाऊन! आणि मग स्वतःचीच लाज वाटली. तिचे पाय दाबत बसले.

१६ एप्रिल

काही सुचत नाही. पेपर तपासताना एका पोरीने ‘फुटणे’चं वाक्य लिहिलंय — ‘बाईंचा राग फुटला.’ पूर्ण गुण दिले.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

वधस्तंभाजवळ बसून राहिले. सगळ्या बायका रडत होत्या. मला काही फुटलं नाही.

१९ एप्रिल

ठरलं. उद्या छापलंय तेच वाचायचं, वाद नको. बाबांच्या कबरीवर फुलं ठेवायची. आणि मग पुरे. सोमवारी साहेबांना सांगणार, आईला रिक्षाने पाठवत जाईन, माझी वाट पाहू नका. देवाशी खोटं बोलायचं नसेल तर गप्प राहावं, आणि गप्पच राहायचं तर घरीच राहावं. आईने शिकवलेलंच मी करतेय. कुणाला सोडून चालले आहे मी? जो ऐकतच नाही त्याला सोडताना इतकं दुखावं?

तुळजाबाईंना सांगितलं. त्या शेंगा निवडत म्हणाल्या, “तुझ्या देवाचं तू बघ. मी येते उद्या. तुझ्या बाबाला फुलं घालायची हायेत.”

२० एप्रिल, ईस्टर

अंधार होता. आईला चाकांच्या खुर्चीत बसवून बाबांच्या कबरीपाशी नेलं. सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या. मी छापलेलं वाचत गेले, सपाट आवाजात. ‘पहाट उमलते’ म्हटलं आणि मागून खुर्चीच्या दांडीवर — टक टक.

मग आवाज आला. “फू.”

तुळजाबाईंना वाटलं आईला मेणबत्ती विझवायची आहे. त्यांनी ती तिच्या तोंडापुढे धरली. आईने डाव्या हाताने ती बाजूला सारली. चांगलीच चिडली होती.

“फू... फुटते.”

पूर्वेला तांबडं दिसायला लागलं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी पहिल्यापासून वाचली, माझी, पाठच होती. ‘माहीत नाही’सुद्धा मोठ्याने म्हटलं. मग आमेन म्हणाले. रुमाल पर्समध्येच राहिला.